तांबडीच्या थांबलेल्या कळा

सुग्रीव सानपांना सौंदाणवाडीत सगळे डाक्टर म्हणतात. यात गावाची चूक थोडी, आणि त्यांची स्वतःची जास्त. सरकारी दफ्तरात त्यांची नोंद परिचर अशी होती. परिचर म्हणजे डॉक्टर सुई टोचतात तेव्हा बैलाची वेसण धरणारा, ट्रे धुणारा, लसीकरणाच्या शिबिरात खुर्च्या मांडणारा आणि शिबिर उठलं की त्याच खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवणारा माणूस. पाटोद्याकडच्या एका लहानशा जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी हे काम इमानानं केलं. पण रोज संध्याकाळी माणूस अंगाला औषधांचा वास घेऊन गावात शिरतो, हातात चामड्याची बॅग असते, आणि पारावरचा एखादा म्हातारा म्हणतो, "डाक्टर, आमच्या म्हशीकडं बघा की जरा." अशा वेळी कोण म्हणेल, बाबा, मी डॉक्टर नाही, खुर्च्यावाला आहे? सुग्रीवराव तर म्हणणाऱ्यातले नव्हतेच.

हात वाईट नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. पोटफुगी उतरवणं, खूर साफ करणं, जखमेतले किडे काढणं हे त्यांनी बघून बघून चांगलं उचललं होतं. खोट एकच होती. त्यांना बघायला माणसं लागायची. रिकाम्या गोठ्यात त्यांचा हात चालत नसे. गोठ्याबाहेर सात-आठ जण जमले की ते सदऱ्याची बाही दुमडायला घ्यायचे. एक घडी, मग इकडंतिकडं बघणं, दुसरी घडी, मग एखादं इंग्रजी औषधाचं नाव. तिसऱ्या घडीला बायका पदर तोंडाला लावायच्या. त्यांची मालकीण, सत्यभामाबाई, म्हणायची की यांची बाही वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शेळी दोनदा विते. ती हे सगळ्यांसमोर म्हणायची, आणि डाक्टर ते मानाचं समजायचे.

त्यांच्या घरासमोर, बोळ ओलांडून, चंद्रभागाबाईचं घर. नवरा लवकर गेलेला, पोरगा पुण्याकडं कारखान्यात. बाई वयानं डाक्टरांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. उंच, हडकुळी, कमी बोलणारी. बोलायला गेलं तर समोरच्यालाच वाटायचं आपण जास्त बोललो. तिची ओळख एका गोष्टीसाठी होती. गाय विणार असली की आसपासच्या चार वाड्यांतून तिला बोलावणं यायचं.

ती जाऊन काय करायची, तर काही नाही. खरंच काही नाही. आधी गोठ्याच्या तोंडाला दोन गोणपाटं बांधायची. मग घरातल्यांनासुद्धा बाहेर काढायची. पोरं, कुत्री, कोंबड्या, सासरे, सगळे. मग आत जाऊन गायीकडं पाठ करून बसायची. तोंड नाही, पाठ. गाय उठो, बसो, हुंकारो, ही भिंतीकडं बघत सुपातली डाळ निवडत बसायची. पाणमोट फुटून वेळ झाला आणि पुढं काही सरकेना, तरच तेलाचा हात घालून बघायची, आणि आत काही वेडंवाकडं लागलं तर बाहेर येऊन सांगायची की पाटोद्याहून डॉक्टर आणा. दहातल्या नऊ गायी तिच्या पाठीमागं गुपचूप मोकळ्या व्हायच्या. कावून असं करती म्हणून कोणी विचारलं तर सांगायची, माझी सासू अशी बसायची. एवढंच शास्त्र.

डाक्टरांना हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. ज्या कामाला बघणारा नाही ते काम कसलं? तरी सोळा-सतरा वर्षं दोघं समोरासमोर राहिले. ती त्यांना भाऊजी म्हणायची, ते तिला वहिनी, आणि सणाला बोळातून पुरणपोळीची ताटं इकडून तिकडं जायची.

नऊ वर्षांपूर्वी पोळा होऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी चंद्रभागाबाईची स्वतःची गाय विणार होती. लाल कंधारी, गडद तांबडी, कपाळाला एक ठिपका नाही. नाव तांबडीच. बाईनं ती वासरू असल्यापासून वाढवली होती आणि हे तिचं तिसरं वेत. डाक्टर तेव्हा नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते. दवाखान्यात निरोप झाला होता, शाल मिळाली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून बाही दुमडायला कुठंच जागा उरली नव्हती. सकाळचे आठ-साडेआठ झालेले. हॉटेलात माणसं रिकामी बसलेली. समोरच्या गोठ्याला गोणपाट लागलेलं डाक्टरांना ओट्यावरून दिसलं, आणि ते उठले. बोलावलं कोणी नव्हतं.

पुढं जे झालं ते गावाला पाठ आहे, कारण डाक्टरांनीच ते पाठ करून घेतलं. त्यांच्या तोंडून ती हकीकत अशी असे. म्हातारीनं गाय कोंडून ठेवलेली. गोणपाटाच्या आड हवा नाही, उजेड नाही. मी गेलो, पडदा ओढून काढला, बघतो तर कळा बंद. जनावर घामानं भिजलेलं. मी माझ्याकडून सगळे प्रयत्न केले, तीन इंजेक्शनं दिली, पण उशीर झालता. गर्भाशय फाटलं. वासरू मेलेलं, दुपारी गाय गेली. पडदा लावला नसता, मला तासभर आधी हाक मारली असती, तर आज तांबडी दारात असती.

गावानं हे मान्य केलं. एकीकडं एकतीस वर्षांची सरकारी नोकरी, दुसरीकडं दोन गोणपाटं. चंद्रभागाबाईनं स्वतःसुद्धा मान्य केलं. ती त्या दिवशी भांडली नाही. तांबडीला ओढत नेलं तेव्हा ती गोणपाटाच्या घड्या घालत होती. त्यानंतर कोणी तिला गायीजवळ बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. गोठ्यात उरलेली दुसरी गाय तिनं पोराच्या सासुरवाडीला देऊन टाकली. गल्लीनं तिचं नाव पडदेवाली ठेवलं. ते आधी कोणाच्या तोंडून निघालं हे आता शोधण्यात अर्थ नाही. गल्लीत जी तोंडं अशा कामाला तयार असतात ती सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि हसले तर सगळेच होते. बाईनं एकच बदल केला. डाक्टरांना ती भाऊजी म्हणायची ती डाक्टर म्हणायला लागली. डाक्टरांना वाटलं, मान वाढला.

गोष्ट इथंच मिटली असती. पण डाक्टरांची नात ऋतुजा उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला लागली.

ऋतुजा लेकीची पोर, आष्टीला राहणारी, पण आजोळी वाढलेली. तिला ही विद्या घ्यावीशी वाटली ती आबांच्या बॅगेमुळंच, असं ती सांगते. डाक्टर या गोष्टीनं वीतभर उंच झाले. पारावर बसल्या बसल्या ते म्हणायचे, आमच्या घरात आता दोन डाक्टर. कोणीतरी हळूच विचारायचं, दुसरे कोण?

गेल्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली तेव्हा तिच्याकडं कॉलेजचं एक काम होतं. गावातल्या अनुभवी माणसाकडून अडलेल्या जनावराची एक हकीकत लिहून घ्यायची, आणि ती आपल्या अभ्यासाशी लावून दाखवायची. तिनं आबांना विचारलं. आबांना दुसरी हकीकत कुठली सुचणार? सकाळच्या चहानंतर दोघं ओट्यावर बसले, तिच्या मांडीवर वही, आणि डाक्टरांनी तांबडी सुरू केली. पडदा, कोंडमारा, हवा, उजेड. पोरीनं लहानपणापासून हे वीस वेळा ऐकलेलं. ती लिहीत गेली. मग तिनं पेनाचं टोपण लावलं आणि छापील कागद काढला. त्यावर प्रश्न होते.

पहिला प्रश्न सोपा होता. कळा कधी सुरू झाल्या? डाक्टर म्हणाले, पहाटेपासून असणार, कारण मी पडद्याला हात घालायच्या आधी म्हातारी म्हणालती की चांगल्या चालल्यात, भाऊजी, अजून थोडं थांबू. म्हणजे तुम्ही जायच्या आधी कळा चालू होत्या? चालू असतील. मग बंद कधी पडल्या? डाक्टर म्हणाले, मी पडदा काढला, आत गेलो, त्यानंतरच कधीतरी. तुमच्याबरोबर किती माणसं होती? त्यांना हा प्रश्न आवडला. सगळं हॉटेल उठून आलंतं, ते म्हणाले. पंधरा तरी. बजरंगचं कुत्रंबी. गाय काय करत होती? फुरफुरत होती. डोळे मोठे केलते. दावं ताणून मागं सरत होती. ऋतुजानं ते लिहून घेतलं.

औषध काय दिलं? ऑक्सिटोसिन, कळा आणायचं. पाच एमएल. वीस मिनिटं बघितलं, काही न्हाई, परत पाच. मग पंधरा मिनिटांनी दहा. हात कधी घातला?

इथं डाक्टरांनी पाणी मागितलं. सत्यभामाबाईनं तांब्या आणून ठेवला आणि तिथंच उंबऱ्यावर टेकली.

"आबा, हात घालून कधी बघितलं? पहिल्या सुईच्या आधी का नंतर?"

"तिसऱ्यानंतर," डाक्टर म्हणाले. "वासराची मान मागं वळलेली लागली."

"आणि तोंड उघडलं होतं का? गर्भाशयाचं?"

"अर्धवट."

पोरीनं वही मिटली नाही, पण लिहिणं थांबवलं. मग ती आबांना ते समजावायला लागली जे तिला परीक्षेला होतं. आवाज मास्तरणीचा नव्हता. पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरीचा होता, आणि मध्येच तो पातळ व्हायला लागला.

ती म्हणाली, गर्भाशय म्हणजे स्नायूची पिशवी. त्या स्नायूवर रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे रक्तातून येणाऱ्या हार्मोनच्या ठरलेल्या जागा. जो हार्मोन आपल्या जागेवर येऊन बसेल त्याचं स्नायू ऐकणार. डाक्टर म्हणाले, खुर्च्या. ती म्हणाली, हो, खुर्च्या समजा. गाय गाभण असते तोवर प्रोजेस्टेरॉन सगळं शांत ठेवतं. ऑक्सिटोसिनसाठी खुर्च्याच फार थोड्या. तेव्हा ऑक्सिटोसिन आलं तरी ते उभं राहून निघून जातं. दिवस भरत आले की प्रोजेस्टेरॉन उतरतं, इस्ट्रोजेन चढतं, आणि हे इस्ट्रोजेन खुर्च्या मांडायला लागतं. शेवटच्या दिवसांत शेकड्यांनी. मग गायीच्या स्वतःच्या अंगातलं थोडंसं ऑक्सिटोसिनसुद्धा पुरतं. एक कळ येते, सुटते. दुसरी येते, सुटते. ती सुटण्यातच वासराला श्वास असतो, कारण कळ आली की नाळेतलं रक्त अडतं.

डाक्टरांना हे चटकन कळलं. एकतीस वर्षं खुर्च्या मांडत आलेल्या माणसाला यात अवघड काय होतं?

"पण त्याच स्नायूवर दुसऱ्याबी खुर्च्या असतात, आबा," ती म्हणाली. "भीतीच्या. गाय बुजली की ॲड्रेनॅलिन सुटतं, ते येऊन तिथं बसतं, आणि स्नायू सैल पडतो. कळ थांबते. रानात लांडगा आला तर गायीला वासरू आत ठेवून पळता यावं म्हणून."

"म्हंजे," डाक्टर म्हणाले.

ती म्हणाली, तांबडीच्या कळा कोंडल्यामुळं थांबल्या नाहीत. पंधरा माणसं आणि एक कुत्रं आत आल्यावर थांबल्या. लोक बाहेर गेले असते तर कदाचित पाऊण तासात परत सुरू झाल्या असत्या. मान वळलेली होती, त्यामुळं अडचण येणारच होती, पण हात घालून ती सरळ करता आली असती, किंवा पाटोद्याला गाडी पाठवता आली असती. चंद्रभागाआजी तेच करणार होती ना? आणि वर एकामागून एक सुया. खुर्च्या तर मांडलेल्याच होत्या. सगळ्या एकदम भरल्या. कळ आली ती सुटलीच नाही. पुढं दार अर्धं, वासरू वाकडं, आणि मागून पिशवी आवळतेय. मग ती फाटणार नाही तर काय. शंभर टक्के सांगता येत नाही, असंही ती म्हणाली. सरांनी सांगितलंय की मेलेल्या जनावराबद्दल शंभर टक्के कधी बोलायचं नाही.

उंबऱ्यावरून सत्यभामाबाई उठली आणि आत गेली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, नवऱ्याची टिंगल करायची एवढी मोठी संधी तिला कधी मिळाली नव्हती. तिनं ती घेतली नाही. डाक्टरांना त्याचंच जास्त भय वाटलं.

ऋतुजानं विचारलं, मी दुसरी हकीकत लिहू का? ते म्हणाले, हीच लिही. नाव घाल. माझं.

ती उदगीरला परत गेली, आणि डाक्टर ओट्यावर राहिले. ओट्यावरून समोरचं दार दिसतं, ही गैरसोय नऊ वर्षांत त्यांच्या ध्यानात आली नव्हती. आता दिसायला लागली. बाई सकाळी दार उघडते, झाडते, पाणी भरते, दार लावते. गोठ्यात सरपण. खुंटा अजून तसाच, त्याला कपडे वाळत घालायची दोरी. डाक्टर दिवसातून चार वेळा चपला घालायचे आणि काढायचे. एक दिवस सत्यभामाबाई म्हणाली, चपला झिजायच्या, चालणं व्हायचं न्हाई. त्या दिवशी ते बोळ ओलांडून गेले.

चंद्रभागाबाई सुपात तूर निवडत होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, ऑपरेशनला अंबाजोगाईला जायचं म्हणते आणि जात नाही. तिनं खडा आणि दाणा बोटांनीच ओळखायला सुरुवात केलीय. डाक्टरांना तिनं बसा म्हटलं, चहा केला. डाक्टर पावसापाण्याचं बोलले, पोराचं विचारलं, मोतीबिंदूवर एक लांबलचक सल्ला दिला. कप रिकामा झाल्यावर मात्र बोलायला दुसरं काही उरलं नाही. मग त्यांनी सांगितलं. खुर्च्यांसकट सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं त्यांना येत नव्हतं. भीतीच्या खुर्च्या, कळेच्या खुर्च्या, पंधरा माणसं, तीन सुया. तुमचा पडदा बरोबर होता. मी चुकलो आणि वर तुमच्यावर ढकललं.

बाईची बोटं सुपात थांबली. ती कमी बोलते हे डाक्टरांना माहीत होतं, पण एवढं कमी त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"म्या नऊ वर्सं तिची माफी मागतीय," ती म्हणाली. "रोज. दिवा लावताना."

डाक्टरांनी मान खाली घातली.

"मला सांगून काय व्हतंय, डाक्टर? मला थोडीच कोणी इचारतंय. जिथं तवा सांगितलंत तिथं सांगा."

तेव्हा डाक्टर पारावर गेले. गुरुवारची सकाळ, बाजाराला जाणारी माणसं जीपची वाट बघत बसलेली. हरिओम हॉटेलवाला, बजरंग, अजिनाथ, आणखी सात-आठ. डाक्टरांना आयुष्यभर असेच लोक लागायचे, पण त्या दिवशी त्यांनी बाहीला हात लावला नाही. त्यांनी सांगितलं की तांबडी माझ्यामुळं गेली. मध्ये रिसेप्टर आलं, तिथं त्यांची जीभ अडखळली. लोकांनी ऐकून घेतलं. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. हरिओम म्हणाला, "जाऊ द्या हो डाक्टर, कोणती गाय आन् कवाची. आता कोणाच्या घरी गायी हायत?" अजिनाथ बजरंगला म्हणाला, "बे, तुझं कुत्रंबी आरोपी हाय की." सगळे हसले, जीप आली, पार रिकामा झाला.

डाक्टर थेट चंद्रभागाबाईच्या दारात गेले. तिनं विचारलं, सांगितलं? सांगितलं. कोण कोण होतं? त्यांनी नावं सांगितली. काय म्हणाले? इथं डाक्टरांच्या जिभेवर एक चांगलं वाक्य आलं होतं. सगळ्यांना लई वाईट वाटलं, असं काहीतरी. नऊ वर्षांपूर्वी ते बिनदिक्कत बाहेर पडलं असतं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "हसले. मग जीप आली."

बाईनं थोडा विचार केला.

"मंग पुढच्या गुरवारीबी सांगा."

आणि डाक्टर सांगायला लागले. दर गुरुवारी. गल्लीनं या प्रकाराला डाक्टरचं कीर्तन असं नाव दिलं. नाव ठेवायची खोड अशी जाते थोडीच! माणसं त्यांना लांबून बघून जीप सोडून एसटीनं जायला लागली. पण आठवडे गेले तसं काहीतरी मुरत गेलं. एक दिवस सटवा न्हावी दाढी करता करता गिऱ्हाइकाला सांगत होता की भीतीच्या खुर्च्या वेगळ्या असतात. बायकांनी मधल्या काळात पडदेवाली म्हणणं सोडून चंद्रभागाबाई म्हणायला सुरुवात केली. कोणी ठरवून नाही केलं. एकीनं केलं, मग दुसरीला जुनं नाव तोंडातून काढताना लाज वाटली.

दिवाळीच्या थोडं आधी बजरंगची बायको सत्यशीला सकाळीच बोळात आली. त्यांच्याकडं गाय होती, पहिलारू, फार भेदरट. तिला कळा लागलेल्या. सत्यशीला डाक्टरांच्या ओट्यापुढून गेली, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि चंद्रभागाबाईच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "काकू, चला. तुमीच बसा."

डाक्टर ओट्यावर होते. त्यांचा चहा हातातच राहिला. नऊ वर्षांनी त्या दारात हे बोलावणं आलं होतं, आणि त्यांना वाटलं, झालं, आता हिशेब फिटला. ते उठून उभेच राहिले.

चंद्रभागाबाई दारात आली. तिनं सत्यशीलेचा हात धरला, थोपटला, आणि नाही म्हणाली. गुडघा दुखतो, डोळा दिसत नाही, हे म्हणाली. सत्यशीला म्हणाली, काकू, तुमाला तर पाठच करून बसायचंय, डोळ्याचं काय काम? तेव्हा बाईला हसू आलं, आणि मग ते गेलं. तिनं बोळाच्या पलीकडं डाक्टरांकडं बघितलं. बोलली सत्यशीलेशी, पण आवाज त्यांना ऐकू जाईल एवढा होता.

"त्यांनी सांगितलं ते डोक्याला पटलं, पोरी. हाताला न्हाई पटलं. गायीजवळ गेले की मला वाटतं, म्याच मारली."

बोळात एक मोटारसायकल आली, ती जाऊ देण्यासाठी सत्यशीला भिंतीला सरकली.

"तुमी जावा, डाक्टर," बाई म्हणाली. "जावा, आन् काय करू नका."

डाक्टर बॅग न घेता गेले. बजरंगच्या दारात सहा-सात माणसं आधीच जमलेली. त्यांनी सगळ्यांना हाकललं. बजरंगला हाकललं, कुत्र्याला हाकललं. मग आत जाऊ लागले, तर गायीनं कान टवकारले, दावं ताणलं, आणि डाक्टरांना कळलं की बिन बॅगेचं का होईना, आपणही एक माणूसच. ते मागच्या मागं बाहेर आले आणि गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून मातीत बसले. डाळ निवडायला नव्हती. हाताला काही काम नव्हतं. आतून गाय उठल्याचा, बसल्याचा, पुन्हा उठल्याचा आवाज यायचा, आणि दर आवाजाला त्यांचा हात आपोआप बाहीकडं जायचा आणि तिथून परत गुडघ्यावर यायचा. काही न करणं इतकं अवघड असतं हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. जी बाई सांगू शकली असती ती हे काम कसं करत होती, ते त्यांनी एकदाही नीट बघितलं नव्हतं. पडद्याच्या आत दिसत नाही म्हणून आत काहीच होत नाही असं त्यांनी आयुष्यभर धरलं होतं.

दहाच्या सुमारास गाय व्याली. आत कोणी नसताना, सुईशिवाय. सत्यशीलेनं डोकावून बघितलं तेव्हा ती वासराला चाटत होती.

बजरंगनं दुपारपर्यंत सगळ्या गावात सांगितलं की डाक्टरांचा हात लई हलका, काय केलं कळलंसुद्धा नाही. हॉटेलात हरिओमनं चहा पुढं केला. डाक्टर म्हणाले, मी काही केलं नाही, ही चंद्रभागाबाईची रीत. हरिओम म्हणाला, तुमचं कीर्तन गुरवारी असतं, आज मंगळवार. लोक हसले. डाक्टरांनी आणखी एकदा सांगून बघितलं, कोणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी वाजत होतं, मग त्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठले.

चंद्रभागाबाई दारातच होती, सूप मांडीवर.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"कालवड."

"रंग?"

"तांबडी हाय."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "उठली का लगेच?"

डाक्टरांना ते माहीत नव्हतं. ते व्याल्याबरोबर निघून आले होते. वासरू उठून उभं राहीपर्यंत थांबायचं असतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. ते म्हणाले, बघून येतो, आणि पुन्हा बजरंगच्या घराकडं चालायला लागले.